सावळीच्या वळणावरचा उसासा

१

म्हशाच्या जत्रेहून आम्ही परत आलो, आणि आठवडा उलटायच्या आत माझा भाऊ चोर ठरला.

ठरवला तो माझ्या नवऱ्यानं, पाय धुता धुता. मी ओट्यावर दिशाला मांडीवर घेऊन बसले होते. उन्हं कलली होती, खळ्यातला पेंढा पिवळाधमक दिसत होता आणि दिशा अर्धी पीत, अर्धी झोपत होती. अशा वेळी माझ्याही डोळ्यांवर साय धरते. पोर झोपतं आणि आपल्यालाही ओढून नेतं. त्या सायीतूनच मला ऐकू आलं.

"सुयोगला जावळाला बोलवायचं नाय."

मी डोळे उघडले. रघू तांब्यातलं उरलेलं पाणी अंगणात फेकत होता.

"आज गाडी परत बंद पडली," तो म्हणाला. "सावळीचं वळण तरी अजून लांब होतं. चावी मारतोय, इंजिन गरागरा फिरतंय, पन सुरू व्हायचं नाव नाय. माणसं उतरून चालत गेली. तुझा भाऊ म्हनतो पंप नवा टाकला. नवा असता तर अशी झाली असती गाडी? जुनाच पुसून बसवलाय त्यानं. घरच्या माणसाला लुबाडलं."

"त्याला विचारलंत?"

"इचारायचं काय त्याच्यात."

आमची जुनी डिझेल जीप डोळखांबच्या वरच्या पाड्यावरून शहापूरला जाते आणि परत येते. माणसं, भाजीच्या पाट्या, शाळेची पोरं, कोंबड्या, सगळं त्याच जीपमधून. ती रघू चालवतो. शहापुरात माझ्या दादाचं, सुयोगचं, गॅरेज आहे. जत्रेच्या आधी त्यानं जीपचा डिझेल पंप बदलला होता. इंजिनाला टाकीतून डिझेल ओढून देतो, तो पंप.

आणि येत्या सोमवारी दिशाचं जावळ. पोराचे पहिले केस आमच्याकडे मामाच्या मांडीवर उतरवतात. मामाच नसला तर नात्यातला कोणी बसतो, त्यात काही नाही. पण सख्खा मामा शहापुरात असताना पोरगी दुसऱ्याच्या मांडीवर बसली, तर ते तिच्या लग्नापर्यंत कोणी विसरत नाही.

रघू वाईट माणूस नाही. फक्त एकदा ठरवलं की दार लावून घेतो, आणि बाहेरून कितीही वाजवा, आतून आवाज येत नाही.

दिशाला पाळण्यात ठेवताना मी ठरवलं, चोर कोण ते मी शोधणार. मला गाडीतलं काही कळत नव्हतं. पण माझा दादा मला कळत होता.

२

सकाळी शहापूरच्या दवाखान्यात दिशाचा नवव्या महिन्याचा डोस होता. डोस देऊन झाल्यावर ती हुंदके देत देत खांद्यावर झोपली. रघू स्टँडवर गाडी भरत होता. मी तेवढ्यात दादाच्या गॅरेजकडे वळले.

दादाचे नुसते पाय दिसत होते, एका टेंपोखालून.

"दादा, पंप नवा होता ना?"

पाय हलायचे थांबले. "तू पन?"

"मी विचारतेय. ठरवून आले नाहीये."

तो सरकत बाहेर आला. तोंडावर काळे डाग, डोळे तेवढे स्वच्छ. दिशाकडे बघून त्यानं आवाज आपोआप खाली आणला. "खोक्यातनं दाजींच्या समोर काढला. त्यांच्या समोर बसवला. आता काय शपथ घेऊ?"

"मग बंद का पडते?"

"हे बघ. इंजिन फिरतंय, म्हंजे बॅटरी चांगली, स्टार्टर चांगला. सुरू होत नाय, म्हंजे डिझेल वर पोचत नाय. बरोबर? आता टाकीत डिझेल हाय. फिल्टर साफ. पाइप फुंकून बघितला, साफ. मंग एकच राहिलं. कुठनं तरी हवा घेतेय. पाइपात हवा शिरली की डिझेलची धार तुटते. मी सगळे जोड आवळले. परत आवळले. अजून कुठं आवळू?"

"तुझ्यासमोर बंद पडली कधी?"

"तेच तर. इथं आली की एका चावीत सुरू. दवाखान्याच्या दारात आलं की पोराचा ताप उतरतो, तसं." त्यानं हात पुसले, पण डाग तसेच राहिले. "दाजी बघत उभे राहतात. मी काय करतो, टाकीचं झाकण उघडून डिझेल बघतो, बॉनेट उघडतो, चावी मारतो, की चालू. त्यांना वाटतं मी नाटक करतोय."

थोडं थांबून त्यानं विचारलं, "जावळाला न्हावी कोन सांगितलाय?"

मी दिशाचं टोपडं सारखं करत राहिले. दादा हुशार आहे. त्यानं पुन्हा विचारलं नाही. तो टेंपोखाली गेला आणि मला परत नुसते पाय दिसले.

स्टँडवर ओमकार भेटला. त्याचीही जीप त्याच रस्त्यावर चालते. आमची बंद पडली की तिच्यातली माणसं तोच उचलतो. म्हणून पाड्यावर काही जण त्याचं नाव घेत होते, त्यानंच टाकीत पाणी ओतलं म्हणून.

"काय वैनी, साहेबांची लाडकी आज कुठं निजनार?" त्यानं विचारलं.

"तुम्हीच सांगा. लोक म्हणतात तुम्हाला आधीच ठाऊक असतं."

तो हसला. "लोक म्हनतात वळनावरच्या भुताला, सावळीला, रघू आवडलाय. मी रोज तिच्या दारावरनं जातो, माझ्याकडं ढुंकून बघत नाय."

"डिझेल कुठं भरता?"

"एकाच पंपावर. त्याच्या मागं माझा नंबर, त्याच पाइपातनं. डिझेल खराब असतं तर मी पन तिथंच बसलो असतो." मग त्यानं टवाळी थांबवली. "एक सांगू का? रघू घाबरलाय. आधी लागंल तेवढंच भरायचा. आता गळ्यापर्यंत भरतो, कमी नको पडायला म्हनून. आनि जेवढं जास्त भरतो तेवढी ती लौकर थांबते. मी मागनं बघतो ना रोज. असं कधी बघितलंय का तुमी? पोट भरलं की माणूस चालतो. ही पोट भरलं की बसते."

हे मी मनात ठेवलं. कुठं ठेवायचं ते मात्र कळत नव्हतं.

३

परतीला जीप गच्च भरली. मला मागच्या बाकावर जागा मिळाली. समोर बाईजा बसली होती, आमच्या पाड्यावरची म्हातारी. वालाच्या शेंगा विकून रिकामी पाटी मांडीवर घेऊन चाललेली.

गाडी हलली की दिशाच्या पापण्या जड होतात. माझ्याही. मागे सुटत जाणारा रस्ता, कापलेल्या भाताची खुंटं, त्यातून हिरवे वाल, मोहोर आलेले आंबे, सगळं एका संथ पाण्यात बुडल्यासारखं दिसायला लागतं. त्या पाण्यातूनच बाईजाचा आवाज आला.

"ती सोडनार नाय गो त्याला."

"कोण, आजी?"

"सावळी. वळनावर नवऱ्याची वाट बघत बसलेली, तिथंच गेली. आता कुनाचा नवरा दिसला की थांबवते. तुला खोटं वाटतंय. मी माझ्या कानांनी ऐकलाय तिचा उसासा."

माझी झोप उडाली. "कसा?"

"कसा म्हंजे? बाई उसासते तसा. हुऽऽस. लांब. पोटातनं. गाडी बंद पडली की सगळी गप बसतात ना, तवा ऐकू येतो. आनि उसासा सोडला की ती गाडी सोडते. मंग लगेच सुरू."

"दरवेळी?"

"मी होते तेवढ्या वेळी."

"उसासा कुठून येतो? झाडातून?"

बाईजानं विचार केला. "झाड पुढं राहतं. उसासा मागनं येतो. हितनं," आणि तिनं आमच्या बाकाच्या बाहेरच्या बाजूला बोट दाखवलं. "तुझा नवरा मागं येतो तवाच. त्याला बघून उसासते बिचारी."

शेजारची पोरं फिदीफिदी हसली. बाईजानं त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

"पण आजी, काल तर गाडी वळणाच्या खूप आधी थांबली. वालाच्या शेताकडे."

"उतरली असंल खाली. तिला काय बांधून ठेवलंय?"

मी बाहेर बघत राहिले. दिशाचा गरम श्वास गळ्याशी लागत होता आणि त्याच लयीत माझं डोकं हळूहळू चालत होतं.

सावळीला सोडून दिलं, कारण गाडी आता कुठेही थांबत होती. डिझेलला सोडलं आणि ओमकारलाही, कारण डिझेल तेच त्याच्याही गाडीत होतं, आणि पाणी घातलं असतं तर ते दादाला फिल्टरमध्ये दिसलं असतं. राहिला पंप. पंप जत्रेच्या आधी बसवला. मग आम्ही सगळे, सासूबाईंसकट, ह्याच जीपनं म्हशाला गेलो. डोळखांबहून मुरबाडपलीकडे, चढ-उतार, माणसं भरून, आणि परत. त्या सबंध वाटेत गाडी एकदाही अडली नाही.

मी सरळ बसले.

पंप वाईट असता तर म्हशाच्या वाटेवर अडला असता. म्हणजे पंप निर्दोष होता. दादा निर्दोष होता. जे काही झालं ते जत्रेहून परत आल्यानंतर आणि दुसऱ्या दिवशी पहिल्यांदा बंद पडायच्या आधी. आणि त्या मधल्या वेळात जीप कुठे होती?

आमच्या अंगणात. आमच्या फाटकाच्या आत.

तेवढ्यात गाडीनं एक आचका दिला, दुसरा दिला, आणि चढाच्या पायथ्याशी ती थांबली.

४

"झालं," कोणीतरी म्हणालं. माणसं उतरायला लागली. कोणी चिडलं नाही, हेच रघूला जास्त लागलं असणार. सवय झाली होती सगळ्यांना.

पुढून आवाज आला. खर्रर्र, खर्रर्र. इंजिन जोरात फिरत होतं. स्वप्नात कुणी धावावं आणि जागचं हलू नये, तसं. मग शांतता. मग पुन्हा.

त्या आवाजानं दिशा उठली आणि रडायला लागली. मी पिशवीतून दुधाची बाटली काढली, झाकण घट्ट फिरवलं, कारण गाडीत सांडतं, आणि तिच्या तोंडात दिली. ती भुकेली होती. जोरजोरानं ओढायला लागली. थोडं ओढलं, आणि मग बाटली तोंडात असून ती चिडली, लाल झाली, पाय झाडायला लागली. बघितलं तर चोखायचं रबराचं बूच चपटं होऊन आत गेलेलं. बाटलीत दूध भरपूर. तोंडात एक थेंब येत नव्हता.

मी रोज करते तेच केलं. झाकण किंचित सैल केलं. आत बुडबुडे गेले, बूच फुगून वर आलं, एक बारीकसा आवाज झाला.

हुस.

मी बाटलीकडे बघत राहिले. दिशा गटागटा पीत होती. खाली उरलेल्या बायका बाईजाला काहीतरी विचारत होत्या, आणि पुढे रघू बॉनेट उघडत होता.

बाटली भरलेली. ओढणारं तोंड जोरात ओढतंय. आणि तरी दूध येत नाही, कारण दुधाच्या जागी आत जायला हवा मिळत नाही.

ज्या बाटलीत दूध काठोकाठ, ती तर आणखी लवकर अडते. वर हवाच थोडी असते.

सगळे जण एकच शोधत होते, हवा कुठून शिरतेय. दादा एकेक जोड आवळत होता. आणि गाडीचं दुखणं उलटं होतं. तिला श्वास घ्यायला वाट नव्हती.

"अहो," मी हाक मारली. "बॉनेटला हात लावू नका."

"का?"

"मागे या. आणि नुसतं टाकीचं झाकण उघडा. बाकी काही नको."

"डिझेल हाय टाकीत. आत्ताच भरलंय."

"म्हणूनच म्हणते."

तो आला, तो थकलेला होता म्हणूनच आला असावा. माझ्या बाकाच्या बाहेरच टाकीचं तोंड आहे. त्यानं झाकणाला हात घातला. झाकण घट्ट धरून बसलेलं. त्यानं जोर लावला, ते फिरलं, आणि टाकीनं पोटातून एक लांब उसासा सोडला.

हुऽऽऽस.

बाईजानं पाटी छातीशी धरली. "ऐकलंस?"

"ऐकलं, आजी," मी म्हणाले.

रघूनं पुढे जाऊन पंपाजवळचा, डिझेल ओढायचा हातदट्ट्या चार वेळा दाबला आणि चावी मारली. पहिल्या झटक्याला नाही, पण दुसऱ्याला गाडी धडधडली.

५

त्यानं झाकण माझ्या हातात दिलं होतं. माणसं परत चढत होती, रघू समजल्यासारखा आणि न समजल्यासारखा माझ्याकडे बघत होता.

"उसासा नाही तो," मी त्याला सांगितलं. "टाकी हवा आत ओढते. डिझेल कमी होतं तेवढी हवा आत जायला हवी ना? त्यासाठी झाकणाला बारीक भोक असतं. ते बुजलंय. मग पंप ओढतो ओढतो आणि थकतो. तुम्ही डिझेल बघायला झाकण उघडता, हवा जाते, गाडी सुरू होते. दादाही तेच करतो. सगळ्यात आधी झाकण उघडतो. म्हणून त्याच्या दारात ती नेहमी बरी."

रघूनं डोकं खाजवलं. "आनि मी बॉनेटमधी हात घालून समजायचो, मीच चालू केली." मग त्याची नजर झाकणाकडे गेली. "पन भोक बुजलं कशानं?"

मी झाकणाची आतली बाजू माझ्याकडे धरली होती, म्हणून त्याला दिसलं नाही. मला दिसलं होतं. मधोमध, रुपयाएवढी, डिझेल पिऊन दगडासारखी झालेली शेणमाती. रस्त्यावरचा चिखल उडून बसतो तशी नव्हती. कडेनं नीट लिंपलेली होती. आणि मधे अंगठा दाबलेला.

अंगठ्याला उजवीकडे खाच होती. विळा लागून भरलेल्या जखमेची. तो अंगठा मी रोज बघते. तोच दिशाला तेल लावतो.

"धूळमाती बसलीय," मी म्हणाले. बांगडीतली सेफ्टीपिन काढून मी ती माती कोरून टाकली, अंगठ्यासकट. भोकातून पलीकडचा उजेड दिसला.

"एवढीशी माती," रघू म्हणाला. मग त्याचा चेहरा पुन्हा कडक झाला. "एवढी माती तुझ्या भावाला दिसली नाय? तीन खेपा गाडी नेली त्याच्याकडं. पंप नवा असंल, मान्य. पन मग एवढं साधं दिसत नाय त्याला? का दिसूनही गप बसला, गिऱ्हाईक टिकावं म्हनून?"

झाकण बसवून तो पुढे जाऊन बसला. गाडी चढाला लागली. सावळीच्या वळणावरून आम्ही न थांबता गेलो आणि कोणी टाळीसुद्धा वाजवली नाही.

चोर मला सापडला होता. नाव सांगितलं तर भाऊ सुटत होता आणि घरातलं दुसरं माणूस अडकत होतं. नाही सांगितलं तर सोमवार तसाच येणार होता.

६

सासूबाई, गीताबाई, माजघरात कणगीशी बसल्या होत्या. बांबूच्या उंच कणगीत बियाण्याचं भात भरलेलं, आणि त्या तिच्या तोंडाला शेणमाती लिंपत होत्या. फट राहिली की कीड शिरते. लिंपून झालं की त्या जागोजागी अंगठा दाबतात. खाच प्रत्येक ठिकाणी उमटलेली.

मी दिशाला खाली ठेवलं आणि त्यांच्याजवळ बसले.

"आई, जत्रेहून आल्यावर तुम्ही जीपच्या झाकणाला माती लावलीत का?"

"लावली की." त्यांचा हात थांबलासुद्धा नाही. "पोरीच्या गोधडीवर सगळं डिझेल उडालेलं. त्या वासानं ओकली नाय का ती मुरबाडच्या पुढं? आल्यावर बघितलं तर झाकनाला भोक. तिथनंच येत होतं. बुजवलं. का?"

मी सांगितलं. बाटलीचं, उसाशाचं, सगळं. दादाला चोर ठरवलं तेही.

त्यांचा हात आता थांबला होता. अंगठा मातीत रुतलेला.

"म्हंजे एवढे दिवस गाडी..."

"हो."

"आनि रघू सुयोगला चोर म्हनत होता. माझ्यासमोर म्हनत होता. मी भाकऱ्या वाढत होते त्याला."

"तुम्हाला कुठे ठाऊक होतं."

"तू सगळ्या गावाला इचारत फिरलीस," त्या म्हणाल्या, आणि त्यात राग कमी, नवल जास्त होतं. "त्या बाईजाला इचारलंस. ओमकारला इचारलंस. मला एकदा इचारलं असतंस तर मी कालच सांगितलं असतं ना गो."

खरं होतं ते. घरातलं माणूस मी संशयितांत धरलंच नव्हतं.

"मी रघूला काही सांगितलं नाही," मी म्हणाले. "धूळ बसली होती म्हणाले. तुम्ही म्हणाल तर तेच राहू दे."

गीताबाईंनी माझ्याकडे बघितलं. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली, पण असं त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. मग त्या उठल्या, हात धुतले, आणि दांडीवरचं जत्रेला नेसलेलं लुगडं खाली ओढलं.

"आई, कुठे?"

"सकाळच्या खेपेला पुढची जागा माझी, सांग त्याला. आनि तू पन चल. पोरीला घे."

७

सकाळी धुकं इतकं होतं की जीपच्या पुढे चालणारी गुरं ढगातून चालल्यासारखी दिसत होती. सासूबाई पुढे बसल्या होत्या. रघूनं दोनदा विचारलं, "आई, शहापुरात काय काम काढलंस?" त्यांनी दोन्ही वेळा रस्त्याकडे बोट दाखवलं. गाडी कुठेही थांबली नाही.

गॅरेजपाशी त्या उतरल्या. दादा टेंपोच्या चाकाशी बसला होता. त्यांना बघून गडबडीनं उभा राहिला.

"बस रे. बसून आईक. तुझ्या दाजींच्या गाडीचं भोक मी बुजवलं होतं. कणगीसारखं. पोरीला वास येतो म्हनून. माझं डोकं तेवढंच. तुझं काय चुकलं नाय आनि पंप पन नवाच हाय. हे मला चार मानसांत सांगायचं होतं, म्हनून आले."

चार माणसं खरंच होती. टेंपोवाला, चहा आणणारा, रस्त्यावरून जाता जाता थांबलेले. आणि रघू, जीपच्या दाराला हात लावून. त्याच्या चेहऱ्यावरून एकामागून एक काय काय गेलं, ते मी इथे लिहिणार नाही. ते आमच्या घरातलं आहे.

दादा जमिनीकडे बघत होता. मग म्हणाला, "आई, मी पन तेच केलं. तुमी एक भोक बुजवलं, मी सगळे जोड आवळत बसलो. माझं तर कामच हाय ते. झाकन रोज उघडत होतो, उलटं करून कधी बघितलं नाय."

"मंग दोघं सारखेच," गीताबाई म्हणाल्या, आणि समोरच्या चहाच्या टपरीकडे निघून गेल्या. इतक्या पटकन, की मला कळलं, त्या मुद्दाम गेल्या.

आता रघू आणि दादा दोघंच समोरासमोर. दादानं त्याच्याकडे बघितलं नाही. पाना उचलला, परत ठेवला.

रघूला माफी मागता येत नाही. मला माहीत आहे. त्यानं घसा साफ केला, चाकाकडे बघितलं, टेंपोकडे बघितलं.

"सोमवारी जावळ हाय," तो म्हणाला.

"ठाऊक हाय."

"मांडी तुझीच लागंल."

दादा टेंपोकडे वळला. रस्त्यावरून एक एस.टी. गेली. मला वाटलं, आता तो टेंपोखाली शिरेल आणि पुन्हा नुसते पाय दिसतील.

"पोरगी अनोळखी माणसाकडं रडते?" त्यानं शेवटी विचारलं. प्रश्न रघूला होता.

"लई रडते."

"मंग वस्तरा लागायच्या आधी सवय करायला पायजे. द्या इकडं." मग त्यानं आपले काळे हात बघितले आणि दोन्ही हात तसेच हवेत धरून उभा राहिला.

आमच्याकडे जावयाला मेहुणा पाणी देतो. हातावर, पायावर, पंगतीत. उलटं कधी कोणी बघितलेलं नाही. रघूनं कोपऱ्यातलं साबणाचं भांडं उचललं, पिंपातून मगभर पाणी घेतलं, आणि दादाच्या हातांवर ओतायला लागला. हळूहळू, बारीक धार धरून.

"राहू दे दाजी," दादा म्हणाला.

"घास तू," रघू म्हणाला.

एक मग संपला. काळं पाणी वाहत रस्त्यापर्यंत गेलं. रघूनं दुसरा भरला. दादा नखांमधून, बोटांच्या पेरांमधून घासत राहिला, आणि माझ्या कडेवरची दिशा, खाली पडणाऱ्या त्या धारेकडे झुकून, दोन्ही हात पुढे करत होती.